भंगलेलंच घेणार

७ जानेवारी १९४५

टेकाईनं खोळ टाकली!

सकाळी दगडाबाई गुरवीण ओरडतच चावडीपर्यंत आली. देवीवर पिढ्यान्‌पिढ्या चढत आलेला शेंदूर, वीतभर जाड, त्याचा पोपडा सुटला आणि सगळा खाली. म्हाताऱ्यांच्या आठवणीत असं कधी झालेलं नाही. अख्खं गाव टेकडीवर पळालं. मी काठी टेकत सगळ्यांच्या मागं.

गाभाऱ्यात आजवर नुसता शेंदराचा गोळा होता, त्याला चांदीचे डोळे. आज बघतो तर आत बाई उभी! काळा पाषाण. एक हात केसांच्या भांगाशी, दुसऱ्या हातात आरसा. आरशात बघून जरासं हसतेय. आरशाचा हात अंगापासून सुटा कोरलाय — मनगट एवढंसं, पलीकडचा दिवा दिसतो त्यातून. हे कोरताना त्या माणसाचा हात कापला कसा नाही?

बायका कपाळ टेकून रडत होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं सुभेदार देवीला भ्याला. तसलं काही नाही. मला ती पाहिजे. दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही, म्हणून इथं लिहितो.

८ जानेवारी

जेवण गेलं नाही. माझ्या बायकोनं, बनूनं, कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही म्हटलं.

१० जानेवारी

कडेगावच्या शाळेतले दोन मास्तर आमचं भंगलेल्या मूर्तींचं छप्पर बघायला आले. नेहमीचाच प्रश्न — लढाईवरून लोक घड्याळं आणतात, कांबळी आणतात, तुम्ही हे वेड कुठून आणलंत?

सांगितलं. आफ्रिकेत केरनच्या डोंगरात पायात गोळ्याचा तुकडा घुसला, मग कैरोच्या इस्पितळात महिनोन्‌महिने पडून. तिथली नर्सबाई आम्हा चालत्या लोकांना एका मोठ्या इमारतीत फिरवून आणायची. नाक नसलेले, हात नसलेले, नुसती धडं — सगळे चौथऱ्यावर मांडलेले. आणि साहेबलोक टोप्या काढून बघतायत! मी कुबड्यांवर उभा राहून रडलो. आमच्याकडं देवाचं बोट तुटलं की चालला देव पाण्यात. म्हटलं, जिवंत घरी गेलो तर असं एकपण पाण्यात जाऊ द्यायचं नाही.

म्हणून गोठ्याशेजारी हे छप्पर. वीरगळ आहेत, मुंडकं नसलेला नंदी आहे, एक मारुती, फलटणच्या जुन्या बाजारात मिळालेली निळ्या वेलबुट्टीची तडकलेली चिनी बशी. माझा हुकूम एकच — भंगलेलंच घेणार. पूजेतल्या सबंध देवाला हात लावणार नाही. हे मी पारावर बसून शंभरदा सांगितलंय. म्हणून गाव मला खुळा म्हणतं, चोर म्हणत नाही.

मास्तरांना चहा द्यायला बनू छपराच्या दारापर्यंत आली आणि तिथूनच कपबश्या पुढं केल्या. आत पाऊल टाकत नाही. भंगलेले देव घराच्या इतक्या जवळ तिला नको वाटतात. पण मी परत आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून असायचो, पहिला वीरगळ आणला त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या, हेही तिनंच ध्यानात ठेवलंय. मागं लोणच्याच्या बरणीचा कान उडाला तर दारातून माझ्याकडं सरकवली — ‘घ्या, भंगली. हिलाबी उबी करा रांगंत.’ मी केली की उभी! चिनी माती चांगली आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

राहवलं नाही. तिळगूळ द्यायच्या निमित्तानं लालासाहेब पाटलाकडं गेलो आणि विचारून बसलो. टेकाई मला द्या, मी गावाला दुसरी घडवून आणतो, सांगलीहून संगमरवरी आणतो.

लालासाहेब माणूस सरळ आहे. चिडला नाही, पण तोंड पाडलं.

‘सुबेदार, पूजेतली देवी हाय ती. भंगली असती तर मीच म्हनलो असतो, न्ह्या. जित्ती देवी कशी द्यावी वो?’

हे उत्तर मला पाठ होतं, मीच सगळ्यांना शिकवलेलं. वर त्यानं दुसरं सांगितलं. होळीच्या पुनवेला तिच्यावर नवा शेंदूर चढवायचा. तेलात कालवून, चांगला जाड. म्हणजे ते हसणं, तो आरसा, सगळं परत बुजणार. आपल्या हयातीत पुन्हा दिसायचं नाही.

घरी येऊन बनूवर उगीच खेकसलो.

१९ जानेवारी

आज डोकं फिरलं.

खालच्या वस्तीवरचा जोतीराम आला. दोन वर्षं भरतीच्या मागं लागलाय, माझी चिठ्ठी पाहिजे. घोंगड्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. सोडलं तर गणपती! जुना, सुरेख, बसका. म्हणाला सोंड मोडलीय म्हणून आणला. हात फिरवून बघितला तर मोड ताजी. कडा बोटाला लागतायत, दगडाचा चुरा अजून तळव्यावर येतोय. विचारलं कधी मोडली. परत विचारलं तेव्हा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बोलला —

‘सबंद तुमी घेत न्हाई म्हनत्यात.’

घरातल्या देव्हाऱ्यातला देव! माझ्यासाठी फोडला! काठी उगारली त्याच्यावर. पळाला. गणपती तिथंच टाकून पळाला.

संध्याकाळपर्यंत धुमसत होतो. बनूला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती, ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मग गनपती परत धाडला का. म्हटलं, कुठं धाडू? भंगलेला आता त्यांच्या घरात कोण ठेवणार? ठेवला छपरात. ती पीठ मळत राहिली.

छपराला कुलूप घालावं, हा उद्योगच बंद करावा असं दिवसभर मनात आहे. पण घालवत नाही.

२ फेब्रुवारी

रोज टेकडीवर जातोय. शाळू काढायला आलाय, गडी वाट बघतायत, आणि मी देवळात जाऊन बसतो. शिसपेन्सिलीनं तिचं चित्र काढायला बघतो — मला येत नाही. मनगटाशी येऊन अडतो.

दगडाबाई हाकलत नाही. उंबऱ्याच्या आत बसायला पोतं टाकते. एकटी बाई, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. देवळामागची खोली, वर्षाचं बलुतं आणि टेकाई, एवढाच तिचा संसार. सून असल्यासारखी देवीशी बोलते. खोळ पडल्यापासून म्हणे तिला जरा लाज वाटते. एवढी वर्षं म्हातारी समजून न्हाऊ घालत होते आणि ही तर केवढीशी पोर निघाली. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं!

आमच्या बनूवर तिचा फार जीव. लग्न होऊन आली तेव्हापासून बनूचा शुक्रवार चुकलेला नाही. मी लढाईवर होतो तेव्हा तर रोज यायची, दगडाबाईनं आज सांगितलं. मला कधी बनू बोलली नव्हती.

११ फेब्रुवारी

पाय सुजला. टेकडी चढून चढून जखम परत पिकलीय. बनूनं लिंबाचा पाला बांधला आणि बांधता बांधता बरंच बोलली. पोटात अन्न न्हाई, डोळं खोल गेल्यात, सैन्यातनं आलावता तवाबी असंच केलंवतं, आता मला सोसायचं न्हाई. मी भिंतीकडं तोंड केलं.

१५ फेब्रुवारी

ताप. बनू पाला बदलून जाते.

२० फेब्रुवारी

होळी जवळ आली. आज पडल्या पडल्या बनूला म्हणालो, शेंदूर चढला की संपलं. माझं आता कशातच मन नाही. असं बोलायला नको होतं. बाईमाणसाला किती घोर लावायचा? पण बोललो.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

टेकाई भंगली.

दुपारी कालवा ऐकू आला. गडी सांगत आला की देवीचा आरशाचा हात मनगटापासून तुटून खाली पडलाय. आपोआप नाही, घाव दिसतोय. बनू सकाळीच ओटी भरून आली होती, तेव्हा सगळं नीट होतं म्हणते. म्हणजे त्यानंतर कुणीतरी.

तापातच टेकडी चढलो. खरं आहे. हसतेय तशीच, पण आता कुठं बघून हसतेय कळत नाही. दगडाबाईनं तुटलेला हात पदरात धरला होता, कुणाला बघू देईना. बायकांनी छाती पिटून घेतली. माझ्याकडं सगळ्यांनी एकदम बघितलं. मीही मान खाली घातली, जसं काही मीच केलं.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो. वाटलं — आता ती माझी! मग स्वतःचीच किळस आली. तोंडात मारून घ्यावं असं वाटलं.

२४ फेब्रुवारी

लालासाहेब स्वतः घरी आला. म्हणाला, झालं ते झालं. भंगलेली देवी गाभाऱ्यात ठेवता येत नाही, पाण्यात सोडण्यापेक्षा सुभेदाराच्या छपरात राहिली तर गावाच्या डोळ्यांपुढं तरी राहील. गाव कबूल होईल. पण आधी कुणी फोडली ते समजायला हवं, नाहीतर पाप सगळ्यांच्या माथी. किल्ली फक्त गुरविणीपाशी असते. तिला विचारलं सकाळी आत कोण कोण गेलं, तर ती तोंड उघडत नाही. नुसती बसून आहे.

तो गेल्यावर बनूला सांगितलं की देवी आपल्याकडं येणार. मला वाटलं, नको म्हणेल. म्हणाली, येऊ द्या. आणि चुलीपुढं जाऊन बसली.

देवी भंगल्यापासून तिनं जेवण सोडलंय. बाईचा देवच गेला, तिला काय वाटत असेल! मी मात्र आज भाकरी खाल्ली.

२६ फेब्रुवारी

छपरात नंदीला सरकवून पूर्वेच्या अंगाला चौथरा रचला. सकाळचा उजेड तिच्या तोंडावर येईल. गडी म्हणाला सुभेदार आज बऱ्याच दिवसांनी शीळ घालतायत. ऐकून हातातली थापी खाली ठेवली.

जोतीरामाला बोलावून घेतलं. मला वाटत होतं त्याचंच काम. शपथेवर सांगितलं, शुक्रवारी विट्याला होतो भरतीच्या रांगेत, चार जण साक्षीला आहेत. खोटं वाटलं नाही. मग कोण? गिरणीवर लोक बोलतायत, सुभेदाराला पाहिजे होती, कुणाला तरी सांगून फोडून घेतली. मी कुणाला सांगितलं नाही! पण ‘भंगलेलंच घेणार’ हे तर सांगितलं ना. वरचेवर सांगितलं.

दगडाबाईनंच केलं असेल का? शेंदराखाली परत बुजू नये म्हणून? तिची माया वेगळीच. काही सुचत नाही.

२ मार्च

पंच बसले देवळापुढं. हल्ली फौजदाराकडं कुणी जात नाही, सगळा निवाडा गावातच. बायका एका अंगाला, त्यांत बनूपण होती, आठ दिवसांत अर्धी झालीय.

दगडाबाईला मधे बसवलं. किल्ली तुझी, देवी तुझ्या ताब्यात, मग फोडली कुणी? ती जमिनीकडं बघत बसली. तिला रागावून विचारलं, गोडीनं विचारलं. शेवटी लालासाहेबानं निवाडा सांगायला घेतला. तो स्वतः रडवेला झाला होता. गुरवकी काढून घ्यायची, बलुतं बंद, देवळामागची खोली सोडायची. सत्तरीच्या बाईनं जायचं कुठं? कुणी विचारलं नाही. तिनंही नाही. नुसतं बसल्या बसल्या पदर नीट केला.

मला ते बघवेना. चौथरा रचलेला, दोन दिवसांत देवी छपरात येणार, मी नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं! कुणी का फोडली असेना, फोडली ती माझ्या त्या एका हुकमापायी, एवढं मला पक्कं कळत होतं. आणि भोगायचं हिनं?

उठलो. म्हणालो,

‘गुरविणीला सोडा. देवी मी फोडली.’

कुणीतरी म्हणालं, तुमी तापानं पडलावता की. म्हटलं, ताप पायात होता, हातात नव्हता. किल्ली कशी मिळाली? ती पाण्याला गेली तेव्हा खुंटीवरून काढली. इतकं धडाधड खोटं मी आयुष्यात बोललो नसेन. दगडाबाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, मग बायकांच्या बाजूला बघितलं, आणि परत खाली. तिनं नाही म्हटलं नाही.

मग दुसरा निवाडा झाला. देवी सुभेदाराला मिळणार नाही. कृष्णेत सोडायची, सुभेदारानं स्वतःच्या गाडीतून न्यायची. देवळाची पायरी त्यानं मरेपर्यंत चढायची नाही. तिच्या जागी तांदळा, म्हणजे नुसता गोल दगड, बसवायचा आणि त्यालाच शेंदूर.

घरी येताना बनू माझ्या मागून चालत होती. एकदा वळून बघितलं तर तोंडावर पदर.

४ मार्च

कुणी रामराम घालत नाही. लालासाहेब समोरून आला, वाट बदलली. सैन्यातली पेन्शन, छातीवर बिल्ला, सगळं मातीत. दगडाबाई खोलीत आहे, तिचं बलुतं चालू आहे. बरं झालं.

बनू भाकरी वाढते आणि दारात उभी राहते. काहीतरी बोलायचं असतं तिला. रागावली असेल. तिची देवी फोडणाऱ्याच्या ताटात तिला वाढावं लागतंय. तिला तरी खरं सांगावं असं वाटतं. पण तिच्या तोंडून निघालं तर दगडाबाई परत रस्त्यावर. गप्प बसतो.

७ मार्च

सोडली.

पहाटे गाडी जुंपली, कडब्यावर निजवली तिला. आठ माणसं संगं, कुणी माझ्याशी बोललं नाही. कृष्णाकाठी पोचेस्तोवर ऊन चढलं होतं. नावेत ठेवताना मला हात लावू दिला — वजन फार, माणसं कमी पडली म्हणून. दोन महिने जिच्यासाठी तळमळलो तिला आज पहिल्यांदा धरली. खांद्याखाली हात घातला. दगड उन्हानं गरम झाला होता.

दगडाबाईनं तुटलेला हात हळदीच्या फडक्यात बांधून दिला होता, तो गळ्याशी ठेवला. डोहात मधोमध नाव थांबवली. सरळ उभी सोडायची असा रिवाज. पाणी गुडघ्यांना, कमरेला, मग तोंडाला लागलं. हसतच खाली गेली. हिरवं पाणी फिरलं आणि मिटलं.

येताना गाडीत नुसता कडबा. मी मोठ्यानं रडलो. बैल हाकणारा गडी घाबरला.

९ मार्च

दगडाबाई आली. गावातनं उजळ माथ्यानं आमच्या घरी आलेली ती एकटीच. छपराच्या दारात बसली.

‘तुमी न्हाई फोडली, सुबेदार. मला म्हाईत हाय.’

म्हटलं, मग कुणी ते पण माहीत असेल. ती बोटानं जमिनीवर रेघा ओढत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही. तिनंच मग देवी पाण्यात नीट गेली का, तोंड कुठल्या दिशेला होतं, हे विचारून घेतलं. पूर्वेला, म्हटलं. बरं वाटलं तिला.

मग आत बनूपाशी गेली. निघताना बनूच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, लेकीला करतात तसं. बनू हुंदके देऊन रडली.

१२ मार्च

आज बनू छपरात आली. आत आली! मोकळ्या चौथऱ्यापाशी उभी राहिली आणि सांगितलं — त्या शुक्रवारी ओटीच्या खणाखाली वरवंटा नेला होता. दगडाबाईला बाहेर थांबवलं. दगडाबाईनं घाव ऐकला, आत येऊन बघितलं आणि तेव्हापासून तोंड मिटलं.

एवढंच म्हणालो, अगं का?

‘तुमाला पायजे हुती न्हवं. सबंद तुमी घेत न्हाई.’

पंचांपुढं मी खोटं बोललो, असं इतके दिवस समजत होतो.